तुम्ही विचारलंत म्हणून: जावळी-पाटणची माणसं मुंबईत हमालीला का गेली?

"एवढा पाऊस, एवढं हिरवं, वर कोयना धरण तुमच्याकडंच, मग घरटी एक माणूस मुंबईला ओझी वाहायला का?" साताऱ्याच्या पश्चिम भागात फिरून आलेले लोक मला हे हमखास विचारतात.

तर आधी पावसाचं. तो उतारावरची माती धुऊन नेतो. भाताची थोडी खाचरं सोडली तर डोंगरात नाचणी नि वरी, तीही दोन-तीन वर्षं पिकवून मग रान पडीक टाकायचं. धान्य वर्षभर पुरायचं नाही, मनिऑर्डरीवर घर चालायचं, म्हणजे मुंबईची वाट धरणाच्या आधीपासूनची आहे. धरणानं काय केलं तर नदीकाठची जी बरी जमीन होती तीच बुडवली. हेळवाकपासून वर तापोळ्यापर्यंत पाणी, ते बोगद्यातून खाली कोकणात पोफळीला जातं, वीज करून वाशिष्ठी नदीत सोडतात, आणि माणसं कुठं सोलापूर, सांगली, कुठं रायगड, ठाण्याला पांगली. त्यात 11 डिसेंबर 1967 चा पहाटेचा भूकंप.

मुंबईत मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात गावचाच मुकादम असायचा, तो टोळीत घ्यायचा, राहायला गावकीची खोली. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, मिळाली तर मिळाली, पाठ मोडली तर व्यापारी म्हणणार हा माझा माणूसच नाही. हे बदललं ते माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या कायद्यानं, 1969 साली, आणि त्यामागे लढा होता अण्णासाहेब पाटलांचा, जे स्वतः पाटण तालुक्यातले. आता मजुरी या कायद्यानं नेमलेल्या माथाडी बोर्डात जमा होते, वर व्यापाऱ्याकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा रक्कम, त्यातनं फंड, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. म्हणून कुणी "बिचारे हमाल" म्हटलं की मला राग येतो. बिनमालकाच्या माणसाला हक्क मिळवून दिला या लोकांनी, आणि नवी मुंबईतलं वाशीचं घाऊक मार्केट आजही त्यांच्या खांद्यावर चालतं.

पण एक गोष्ट कुणीच विचारत नाही, गावाकडची शेती केली कुणी? बायकांनी. चिखलात लावणी, डोंगरावरनं लाकूडफाटा, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, सगळं त्यांच्यावर, नवरा आला तर यात्रेला नाहीतर गणपतीला. टोळीतल्या माणसाची निदान बोर्डात नोंद तरी झाली, या बायकांचं नाव बहुतेक घरांत सातबाऱ्यावरसुद्धा लागलं नाही, आणि ज्या घरांत अजून म्हातारी आजी आहे त्यांनी तिला बसवून हे सगळं विचारून लिहून ठेवायला पाहिजे, याच वर्षी.