आमची वाटचाल : अंबडचा गाळा आणि अर्धा मिलिमीटर

१९९६ ला दहावीत ५४ टक्के पडले. पेढे आणावेत की नाही, यावर घरात एकमत होईना. वडील पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला हमाली करायचे. पंचवटीतले मामा त्यांना म्हणाले, "दाजी, कॉलेजात बेंच झिजवण्यापेक्षा पोराला आयटीआयला टाका." झालं. नाशिकच्या निमाणीहून सिटी बस धरायची आणि आयटीआयला सातपूरला उतरायचं. टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायचं काम, दोन वर्षं.

सुरुवातीचे दिवस फक्त कानस. हातात लोखंडाचा ठोकळा, तो घासायचा, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. तळहाताला फोड आले. सर काही बोलायचे नाहीत, ठोकळा नुसता उजेडाला धरून परत द्यायचे. तेव्हा राग यायचा. पुढे वर्षभर अॅप्रेंटिसशिप, मग सहा-सात वर्षं नोकरी आणि २००६ ला नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा. मशीन एकच, राजकोटचं जुनं लेथ. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट बनवून द्यायचं काम, मिळेल ते घ्यायचो.

इथं एक कबुली देतो. स्वतः आयटीआयचा असून मालक झाल्यावर आयटीआयची मुलं मी घेतच नव्हतो. हेल्पर स्वस्त पडायचा. शिकवू हळूहळू, असं म्हणायचो आणि शिकवायला वेळ नसायचा.

२०१३ ला कर्ज काढून पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं. त्याच वर्षी ६२ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या भोकाच्या) बुशची, म्हणजे नळीसारख्या पोकळ पार्टची ऑर्डर होती. टॉलरन्स एच-सात, म्हणजे बोअर ६२ पेक्षा जास्तीत जास्त तीस मायक्रॉन मोठं चालेल, लहान नाही; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पहिला पीस मी पास केला आणि घरी गेलो. रात्री हेल्परनं इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक बदललं. मुलगा कष्टाळू होता, पण इनसाइड मायक्रोमीटरवरची (आतलं माप घ्यायच्या साधनावरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघ धरायची असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ६१.९८ असलेलं माप त्यानं ६१.४८ वाचलं आणि ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत, अर्धा मिलिमीटर वाढवून दिला. सकाळी ९० बुश ओळीनं मांडलेले, सगळे साडेबासष्टचे. बोअर मोठं झालं की संपलं, माल परत भरता येत नाही. चूक त्याची नव्हती. पैसे माझे गेले ते बरोबरच गेले.

तेव्हापासून आयटीआयची मुलं घेतो. राष्ट्रीय ट्रेड सर्टिफिकेट म्हणजे मुलगा तयार कारागीर, असं नाही. कित्येकांनी ऑफसेटचं पान प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. पण ड्रॉइंग वाचता येतं, माप घेता येतं, चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यात, चावी तशीच ठेवून मशीन चालू करायचं नाही हे माहीत असतं. पुढचं आम्ही शिकवतो. अॅप्रेंटिस घ्यायची सक्ती कायद्यानं ३० माणसांपासून आहे, आम्ही १४ जण. तरी घेतो. २०१६ पासून केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १५०० रुपये, सरकार उचलतं. नोंदणीच्या पोर्टलवर डोकेफोड होते, पण एकदाच.

आईबाप गाळ्यावर येतात. गेल्या जूनमध्ये एक ताई आल्या होत्या, मुलाला दहावीत ६१ टक्के. मुलगा बाहेर मशीनचा फिरणारा स्पिंडल बघत उभा आणि त्या आत मला विचारतात, "दादा, आयटीआयला घातलं तर लग्नात काय सांगायचं?" मी म्हणालो, "ताई, बीकॉम होऊन घरी बसला तर काय सांगाल?" हे जरा लागट झालं. मग चहा मागवला आणि नीट सांगितलं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, दार बंद होत नाही. आमचाच एक मुलगा तसा गेला आणि आता पुण्याजवळ चाकणला नोकरीला आहे. शिकवून तयार झालेली मुलं चाकणला जातात, हे माझं कायमचं दुखणं. पण मीही कुणाची तरी नोकरी सोडूनच गाळा घेतला होता.

यंदा पहिल्यांदा मुलगी अॅप्रेंटिस आली, गिरणारेची, मशिनिस्ट ट्रेडची. तिच्यासाठी आधी वेगळं स्वच्छतागृह बांधावं लागलं. इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. घरच्यांची अट होती, रात्रपाळी नाही. मान्य केली.

त्या ९० मधला एक बुश माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवतो. नवीन येईल त्याला पेनं काढून बुश आणि मायक्रोमीटर हातात देतो, काही सांगत नाही. तिनं दोनदा माप घेतलं, बुश फिरवून तिसऱ्यांदा घेतलं आणि म्हणाली, "सर, साडेबासष्ट. ड्रॉइंग कुठंय याचं?"