आमची वाटचाल : टाकी डाव्या हाताला आहे

दर डिसेंबरात एखादा तरी फोन येतो, "दापोलीत सायकलच्या सहली पहिल्यांदा सुरू करणारे पुण्याचे ते तुम्हीच ना?" पहिल्यांदा सुरू केल्या हे खरं. पुण्याचा मात्र मी नव्हे. आमच्या चार पिढ्यांची पेज याच तालुक्यात शिजली. पुण्याचे ते दुसरे, आणि ते आले आमच्यानंतर नऊ वर्षांनी. कुठल्याशा पुरवणीत त्यांना 'पहिले' म्हणून छापलं. मी खुलासा पाठवला, तो काही छापला नाही. तेव्हा आता मीच लिहितो.

लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला नऊ वर्षं काढून २०११ च्या गणपतीनंतर घरी आलो आणि फंडाच्या पैशांतून गिअरच्या पाच सायकली घेतल्या. वडील खळ्यात सुपारी सोलत बसले होते. वर न बघता म्हणाले, "सायकल मारायला लागू नये म्हणून इथली माणसं मुंबईला गेली. आता तू मुंबईच्या माणसांकडून सायकल मारायचेच पैसे घेणार?" उत्तर नव्हतं. उत्तर चाचांकडे होतं.

चाचांचं दुकान बाजारपेठेत. शाळेत असताना तासावर सायकल आम्ही तिथूनच घ्यायचो, तासाच्या वर पाच मिनिटं झाली की चाचा भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं बघायचे. स्कूटी आल्या आणि तासाचा धंदा बसला. मी गेलो तेव्हा भिंतीला तीन डबलबार सायकली टेकलेल्या होत्या आणि चाचा स्टोव्हच्या पिना विकत होते. पैसे माझे, हात त्यांचे, नफा निम्मा-निम्मा, असं चहावर ठरलं. कागद केला नाही. चेन या चक्रावरून त्या चक्रावर नेणाऱ्या मागच्या डिरेल्युअरला त्यांनी बोट लावून विचारलं, "ही शेपटी कशाला?" मी सांगितलं. त्यांनी एक अख्खी दुपार ती खोलून परत बसवली आणि नंतर मला सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. आमच्याकडे आजही तिला शेपटीच म्हणतात.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. मी हौसेने त्यासाठीचा ट्रूइंग स्टँड आणला होता, त्यावर त्यांनी टोपी अडकवली. सायकल उलटी करायची, चाक धरणाऱ्या चिमट्याला अंगठा टेकवून रिंगेजवळ खडू धरायचा, चाक फिरवायचं. खडू लागेल तिथे खूण. मग तारा बोटाने छेडायच्या, एकेक, सतारीसारख्या. "ही बेसूर आहे," म्हणायचे आणि निपलला, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटाला, पाव फेरा. नवीन चाक बांधताना तारेच्या आट्यांना अळशीचं तेल लावायचे. ते सुकून चिकट होतं, त्यामुळे निपल आपोआप सैल होत नाही, आणि खारी हवा आट्यांत शिरून तो जामही होत नाही. किनाऱ्यावर सायकल ठेवणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं. निपल पितळी घ्या, तारा स्टेनलेसच्या घ्या. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, तारांचे चार पैसे वाचतात आणि दोन पावसाळ्यांत तार चुरमुऱ्यासारखी मोडते.

आमचा भाग ज्यांना नकाशावर सपाट वाटतो त्यांच्यासाठी दोन शब्द. समुद्र दिसतो म्हणजे रस्ता समुद्राच्या पातळीला, असं नसतं. दापोली समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम सातआठ किलोमीटर, पण उंचीला आठशे फुटांच्या आसपास. सह्याद्रीचे फाटे सरळ पाण्यापर्यंत आलेले, मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी पठारं, आणि दर काही मैलांवर एक खाडी. खाडीला उतरायचं, पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचं. आंबेनळी घाट एकदा चढला की चढला. इथे तेवढाच चढ दिवसभर तुकड्यातुकड्याने वसूल होतो, पन्नास किलोमीटरला सातआठशे मीटर कसेही भरतात, आणि ते चढणाऱ्याच्या ध्यानातही येत नाहीत, फक्त संध्याकाळी जिना उतरवत नाही.

मोठ्या खाड्यांना मात्र जंगलजेटी, म्हणजे गाड्यांसकट पलीकडे नेणारी फेरीबोट. वेसवीहून बागमांडल्याला गेलं की हरिहरेश्वर, दाभोळहून धोपाव्याला गेलं की गुहागर, तवसाळहून जयगडला गेलं की गणपतीपुळे. सायकलवाल्याला जेटीसारखं सुख नाही. मोटारवाले काचा वर करून बसतात, आपण कठड्याला सायकल टेकवून वाशिष्ठी बघत उभं राहायचं. फक्त उतरल्यावर चेनवर एक तांब्या गोडं पाणी ओता, पुसा, तेल द्या. कोणी ऐकत नाही.

पहिल्या दोन वर्षांत मी रस्त्याचं एक पत्रक केलं. प्रत्येक वळण स्वतः सायकलवरून मोजून. कुठे चढ, कुठे उतारावर खडी, हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा तर किती वाजता पोहोचायचं, कुठल्या घरी सांगून ठेवलं तर घावणे मिळतात, पाणी कुठे. पाचशे प्रती छापल्या. जानेवारी २०१४ मध्ये सांगलीच्या एक बाई आल्या, निवृत्त गणित शिक्षिका, स्वतःची लेडीज सायकल एसटीच्या टपावर टाकून. माझी गिअरची सायकल त्यांनी पहिल्या दिवशी नाकारली, दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा चढ बघून मुकाट्याने घेतली. चौथ्या दिवशी पत्रक परत दिलं, त्यावर लाल शाईने खूण. "उटंबरचा चढ संपल्यावर पाण्याची टाकी उजव्या हाताला म्हणता. ती डाव्या हाताला आहे. एक गुण वजा." बघितलं तर खरंच. पण पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. म्हटलं, पुढच्या वेळी करू. इथली माणसं विचारलं की टाकी दाखवतातच. पुढच्या छपाईत विसरलो, मग त्याच्याही पुढच्या. बाई दर जानेवारीला येतात आणि दर जानेवारीला विचारतात.

२०१५ ते २०१९ बरी गेली. सायकली चौदा झाल्या.

मग मार्च २०२०. सगळं बंद. त्याबद्दल नवीन काय सांगणार, सगळ्यांचंच बंद होतं. चौदा सायकली धुऊन, ग्रीस भरून, पत्र्याच्या शेडमध्ये टांगून ठेवल्या, फणसाच्या सावलीला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर चढलं, पण आमच्याकडे सकाळपासूनच माड जमिनीला टेकत होते. पहिल्यांदा शेडचा पत्रा गेला, तो अख्खा, उडत, शेजारच्या विहिरीच्या पलीकडे. मग फणस आडवा झाला. आवाज मला ऐकूच आला नाही, इतका वारा होता. खिडकीतून बघितलं तर जिथे शेड होती तिथे पानं. तो दिवस जागतिक सायकल दिवसाचा होता, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं, फोनला रेंज आल्यावर. आणि त्याच दिवशी तिकडे साहिबाबादला ॲटलसच्या कारखान्याच्या फाटकावर काम थांबवल्याची नोटीस लागली. चाचांच्या दुकानातल्या त्या तीन डबलबार ॲटलसच्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फणस कापायला माणूस मिळाला का?"

माणूस आठ दिवस मिळाला नाही. आंजर्ले, आडे, केळशीपर्यंत पोफळीच्या बागा झोपल्या होत्या, करवतवाला माझ्या सायकलींसाठी का येईल? पोफळ लावल्यावर धरायला सातआठ वर्षं लागतात, त्यांचं नुकसान बघून मला माझं बोलायची लाज वाटायची. तरी बोलतो. पंचनाम्याला आलेल्याने झाडं मोजली, पत्रे मोजले. सायकली दाखवल्या तर म्हणाला, "ह्याला रकाना नाही." फांद्या काढल्यावर नऊ सायकलींच्या रिंगा पापडासारख्या वळलेल्या, चार फ्रेम गेलेल्या. मी भंगारवाल्याला फोन लावणार होतो. चाचा म्हणाले, "रिंग गेली, हब कुठे गेलाय? तारा काप, हब काढ." जुलैभर आम्ही तेच केलं. रिंगा पुण्याहून पार्सलने आल्या, तेही पैसे आले म्हणून. ते कुठून आले? बाईंकडून. एक दिवस खात्यात वीस हजार जमा. फोन केला तर म्हणाल्या, "पुढच्या सहलींचे आगाऊ आहेत. हिशेब ठेवा." चाचांचे तोवर दोन्ही डोळे मोतीबिंदूने धूसर झाले होते. खडूची खूण दिसेना, तर मी खडू धरायचा आणि ते कानाने तारा लावायचे. अठरा चाकं बांधली. त्यांतली तीन सोडून सगळी आज रस्त्यावर आहेत.

आणि आता पुण्याचे. २०२० च्या दिवाळीनंतर माणसं घरातून सुटली ती थेट कोकणात. तेव्हा बाजारात गिअरची सायकल औषधाला मिळत नव्हती, देशभर सगळ्यांनाच एकदम सायकल आठवली होती. माझ्याकडे उभ्या दहा. पुण्याच्या त्या लोकांनी कर्द्याला बंगला भाड्याने घेतला, तीस सायकली आणल्या, टेम्पो, एकसारखे टी-शर्ट, ड्रोन. दर माझ्यापेक्षा चारशेने कमी. माझ्याकडचा पोरगाही दीड हजार जास्त देऊन नेला. पोराला दोष नाही, त्याच्या घराचे पत्रे अजून बसायचे होते.

पण सायकली बघितल्यावर मी घरी येऊन बायकोला सांगितलं, हे दोन सीझन टिकणार. पुढचं लहान चक्र २८ दात्यांचं, मागे फ्रीव्हीलचं मोठं चक्र तेही २८ चं. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, सव्वादोन मीटर. आमच्याकडे पुढे २२, मागे ३४, एका फेऱ्याला सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. मुंबईच्या सी-फेसवर हा फरक कळत नाही. उटंबरच्या चढावर ऑफिसात बसणारा माणूस पहिल्या वळणालाच उतरतो. दुसरं म्हणजे ते सायकली टेम्पोत आडव्या टाकायचे, एकीवर एक, शेपटी खाली. शेपटी ज्याला लटकते तो हँगर वाकतो. सपाटीवर काही होत नाही. चढावर माणूस घाबरून सगळ्यात हलका गिअर टाकतो, वाकलेली शेपटी सरळ तारांत जाते, आणि खटकन सगळं मोडतं, ते नेमकं चढाच्या मध्यावर. सायकल गाडीत घालताना शेपटी वरच्या बाजूला. एवढं तरी लक्षात ठेवा.

फेब्रुवारी २०२१. दुपारी दोनला फोन, एक कुटुंब, नवराबायको आणि दोन मुली, उटंबरच्या चढावर, एका सायकलची शेपटी तारांत. टेम्पोवाला फोन उचलत नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी माझा नंबर दिला. मला सरळ सांगायचं तर पहिल्यांदा आनंद झाला. मग मुलींचं ऐकून स्कूटरला किक मारली. शेपटी काढून टाकली, चेन कापून आखूड केली, मधल्या चक्रांवर लावून एकाच गिअरची सायकल करून दिली, केळशीला पोहोचण्यापुरती. मुली पाण्यासाठी कासावीस होत्या. वडील म्हणाले, "वरपर्यंत चालत जाऊन आलो. ह्यात लिहिलंय टाकी उजव्या हाताला, तिथे नुसती करवंदीची जाळी आहे." आणि त्यांनी खिशातून पत्रक काढलं.

गुळगुळीत कागद, रंगीत, ड्रोनचे फोटो. आत माझी वळणं. माझे किलोमीटर, दशांशासकट. घावण्याचं घर. हर्णैच्या लिलावाची वेळ. आणि उटंबरचा चढ संपल्यावर पाण्याची टाकी, उजव्या हाताला.

मी मुलींना डावीकडे नेऊन पाणी पाजलं. पत्रक त्यांच्याकडून मागून घेतलं, ते अजून दुकानात काचेखाली आहे, माझ्या पत्रकाच्या शेजारी. पुण्याच्या ऑफिसला फोन केला, तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, रस्ते तर सगळ्यांचेच असतात." रस्ते सगळ्यांचे, मान्य. चूक माझी होती. दुरुस्तीचं ८५० रुपयांचं बिल पाठवा म्हणाले, पाठवलं. पैसे अजून यायचे आहेत.

त्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं, आमची शेड या वेळी टिकली, त्यांच्या सायकली अंगणात ताडपत्रीखाली होत्या. २०२२ चा पावसाळा झाला आणि बंगल्याला कुलूप लागलं. मी आनंद केला असं गावात म्हणतात. मी त्यांच्या नऊ फ्रेम भंगाराच्या भावात विकत घेतल्या, एवढंच. फ्रेम चांगल्या होत्या, ते मी नाकारत नाही. पोरगा परत आला, जुन्याच पगारावर नाही.

चाचांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता त्यांना खडू दिसतो, तरी ते कानानेच आऊट काढतात. बाई या जानेवारीला येऊन गेल्या, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, २२ ला ३४ वर, न उतरता. त्यांच्या वीस हजारांतले शेवटचे अकराशे उरले होते, ते त्यांनी वहीत माझ्याकडून सही घेऊन मिटवले. निघताना नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाही बदलणार. पुन्हा कोणी उचललं तर मला कळायला नको? त्यांनी आणखी एक गुण कापला.

आता हे इथे लिहून बसलो, म्हणजे पत्रकात दुसरी एखादी चूक घालणं आलं.