भूक नसतानाचे जेवण

मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने टिर्झेपेटाइड आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही या नावाने सेमाग्लुटाइड भारतात आले, तेव्हापासून आठवड्यातून एकदा टोचून घेण्याच्या, वजन उतरवणाऱ्या या औषधांची चर्चा घरोघरी होते. परंतु ती बहुतेक वेळा किंमत, मळमळ आणि उतरलेले किलो यांपाशीच थांबते. मी स्वतः डॉक्टरांच्या देखरेखीखाली यांपैकी एक औषध घेत आहे, आणि ते सुरू असताना जेवायचे काय व कसे, हा प्रश्न मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. औषधाने भूक निम्म्यावर आली, तरी शरीराची प्रथिनांची, पाण्याची आणि जीवनसत्त्वांची गरज निम्म्यावर येत नाही.

जेवल्यानंतर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. पोट भरल्याची जाणीव मेंदूला करून देणे आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करणे ही त्याची दोन कामे येथे लक्षात घ्यावीत. शरीरात तयार झालेले हे संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसे होते, तर त्याच्यासारखेच काम करणाऱ्या सेमाग्लुटाइडची शरीरातील मात्रा निम्मी होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणूनच सकाळी खाल्लेला बटाटेवडा दुपार टळली तरी छातीशी बसल्यासारखा वाटतो, आणि एरवी ज्याच्या नुसत्या वासाने भूक चाळवत असे त्या फोडणीचाही कधीकधी नकोसा वास येतो.

सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचे वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यांतील काही जणांच्या शरीराची घडण मोजली असता, कमी झालेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नसल्याचे दिसले. त्यात पाणीही येते, सगळे स्नायूच असतात असे नाही. तरीही हा आकडा आपण गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयात संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे कमी असते. मुळात तुटपुंज्या असलेल्या शिलकीतून आपण आणखी खर्च करावा, हे परवडणारे नाही.

प्रौढ भारतीयासाठी दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी शिफारस आहे. वजन उतरत असताना आहारतज्ज्ञ साधारणपणे १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. सत्तर किलोच्या माणसासाठी १.२ ग्रॅमचा हिशेब दिवसाला ८४ ग्रॅमवर जातो. आता आपल्या ताटाकडे पाहावे. वरण-भात-तुपाने सुरुवात, मग पोळी-भाजी, आमटी वाटीच्या कडेला, आणि उसळ असलीच तर तोंडी लावण्यापुरती. भूक चांगली असताना या क्रमाने काही बिघडत नाही, कारण माणूस शेवटपर्यंत पोहोचतो. या औषधावर असताना मात्र सहा-सात घासांनंतर पोट खरोखरच भरते, आणि ते सहा-सात घास भाताचे असतील तर प्रथिनांचा वाटा पानातच राहतो.

म्हणून मी क्रम बदलला आहे. आधी उसळ, पिठले, अंडे, मासा किंवा पनीर यांपैकी जे असेल ते संपवायचे, त्यानंतर भाजी व कोशिंबीर, आणि जागा उरलीच तर अर्धी भाकरी किंवा दोन चमचे भात. तीस ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली वाटीभर उसळ सुमारे सात ग्रॅम प्रथिने देते, दोन अंडी बारा ग्रॅम देतात, पन्नास ग्रॅम पनीर नऊच्या आसपास, तर शंभर ग्रॅम बांगडा वीसच्या जवळ. सोयाबीनच्या वड्या तीस ग्रॅम घेतल्या तर पंधरा ग्रॅम सहज मिळतात. त्या बारीक कुटून खिम्यासारख्या परतल्या, की थोड्याशा घासांत बरेच काही पोटात जाते. न्याहारीच्या पोह्यांवर माझे प्रेम आहे, पण त्यांत पोट भरण्याइतके पिष्ट असते आणि प्रथिने अगदी थोडी. त्यामुळे पोहे चार चमचे आणि सोबत फडक्यात टांगून घट्ट केलेले दही, असे मी करते.

उसळीबाबत एक गोष्ट नीट सांगायला हवी. औषधाची मात्रा वाढवल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत जड जातात आणि त्या दिवसांत मोडाच्या कडधान्याने पोट फुगते. अशा वेळी मी मुगाची डाळ मऊ शिजवून, रवीने घोटून, हिंग-जिऱ्याची अगदी कमी तेलाची फोडणी देऊन, कोमट असतानाच थोडी थोडी खाते. घट्ट असावी एवढेच पथ्य आहे, कारण डाळीचे नुसते पाणी पोट भरते आणि देते फारच कमी. तळलेले पदार्थ, तर्रीची मिसळ आणि साबुदाण्याची खिचडी या दिवसांत बाजूलाच ठेवावी. जठर आधीच सावकाश रिकामे होत असते, त्यात तेल-तुपाने तो वेग आणखी मंदावतो.

भुकेबरोबर तहानही कमी लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बद्धकोष्ठ होते, डोके दुखते, उठताना चक्कर येते, आणि दोष औषधाला दिला जातो, तेव्हा कित्येकदा कारण पाण्याच्या कमतरतेचे असते. जेवताना पाणी प्यायल्याने उरलेली जागाही भरते, म्हणून दोन जेवणांच्या मधल्या वेळात घोट घोट पाणी आणि दुपारी मीठ-जिरे घातलेले पातळ ताक घ्यावे.

उपवासांविषयी मला विशेष काळजी वाटते. भूकच नसल्यामुळे एकादशी आणि चतुर्थी निर्जळीसुद्धा सहज निभावते, आणि नेमके तेच धोक्याचे आहे. ज्या दिवशी आधीच जेमतेम खाल्ले जाते, त्या दिवशी काहीच न खाल्ल्यास स्नायूंची झीज वाढते. श्रद्धा सोडायची गरज नाही. भगर खायची तर ती दोन चमचे आणि दाण्याची आमटी वाटीभर, सोबत दूध, दही किंवा पनीर, असा उपवास करता येतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपवास करूच नये, कारण खाणे घटले आणि त्या औषधाची मात्रा तशीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

शाकाहारी माणसाने, त्यातही मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने, बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा निदान खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करण्याचा व्यायाम करावा, कारण स्नायूंना काम मिळाले नाही तर नुसत्या प्रथिनांनी ते टिकत नाहीत. आणि उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी कळ येत असेल, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.