तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या अँबेसिडरला पॉवर स्टिअरिंग बसवावे का?

परतवाड्याच्या बाजारात गाडी लावताना माझी ओढाताण पाहून कोणी ना कोणी विचारतोच, "भाऊ, याले पावर स्टेअरिंग काऊन नाई बसवून घेत जी?" पॉवर स्टिअरिंग म्हणजे तेलाच्या दाबाने किंवा विजेच्या मोटरने स्टिअरिंग वळवायला मदत करणारी जोडणी. प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्याचे उत्तर रस्त्यात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देतो.

माझी गाडी मार्क टू, म्हणजे 1962 ते 1975 या काळात बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेल्या अँबेसिडरपैकी. तिचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा असल्यामुळे तिला पहिल्यापासून रॅक अँड पिनिअन पद्धतीचे (स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाचे लहान दातेरी चाक आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, सरकवते असे) स्टिअरिंग आहे आणि ते मुळात वाईट नाही. गाडी चालू लागली की ते हलके होते; जड लागते ते उभ्या गाडीत किंवा बैलगाड्यांच्या गर्दीतून मुंगीच्या पावलाने निघताना. त्यामुळे पॉवर स्टिअरिंगचा विचार करणाऱ्याने आधी एक साधी तपासणी करावी, असे मी सुचवतो. पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून, गाडी नीट टेकवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. चाके अधांतरी असतानाही ते अडखळत असेल, तर दोष टायर आणि जमिनीच्या घर्षणात नसून किंगपिन (ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते ती), टाय रॉडचे (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या सळईचे) सांधे किंवा खुद्द रॅक यांत आहे, आणि पॉवर बसवून तो दोष जाणार नाही, फक्त झाकला जाईल.

आमच्याकडे हा दोष फार आढळतो, कारण काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल रॅकच्या रबरी बूटला पडलेल्या बारीक चिरेतूनही आत शिरतो आणि ग्रीसमध्ये मिसळून दाते खात राहतो. किंगपिनच्या निप्पलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, वाळलेल्या मातीचा इतका कडक थर बसतो की ग्रीसगन लावल्यावर ग्रीस आत न जाता बाजूनेच बाहेर येते, आणि मिस्त्री मात्र काम झाले म्हणून हात पुसतो. निप्पल काढून, तारेने साफ करून, जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत गन मारली, की निम्मी तक्रार तेथेच संपते. उरलेली बरीचशी टायरची असते. मूळ टायर 5.90-15 मापाचे, अरुंद. त्यांच्या जागी रुबाबासाठी रुंद रेडिअल घातले आणि हवाही कमी ठेवली, तर स्टिअरिंग जड होणारच.

एवढे करूनही पॉवर हवेच असेल, तर मार्ग दोन आहेत. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाची, पद्धत जुनी आणि भरवशाची: 1951 साली क्रायस्लरने ती आपल्या इम्पीरिअल मोटारीत दिली, तेव्हापासून ती जगभर रुळली आहे. पण तिला इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप, त्यासाठी नवी ब्रॅकेट, तेलाच्या नळ्या आणि पॉवरचे वेगळे रॅक लागते. शिवाय चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणारे महाभाग आमच्या भागात कमी नाहीत. ती सवय तशीही घातक आहे, आणि इंजिनाबरोबर पंप थांबला की ऐन वळणावर स्टिअरिंग साध्या स्टिअरिंगपेक्षाही जड होते.

इलेक्ट्रिक पद्धतीत तेलाची कटकट नाही. एखाद्या लहान मोटारीतून काढलेली, कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीवर, बसणारी मोटर बरेच जण लावतात. पण मार्क टूचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आहे, त्याच्या दांड्या कॉलमला धरूनच खाली जातात, आणि मोटरला जागा हवी असते नेमकी तेथेच. दुसरी अडचण विजेची: इंजिनावर फिरून वीज देणारा जुना डायनामो वीस-बावीस अँपिअरच्या आसपास थकतो, तर उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ही मोटर क्षणभर तीसच्याही पुढे ओढू शकते. म्हणजे आधी डायनामोच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर, मग जाड वायरिंग, मग मोटर. तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. अशा अनेक मोटरींना गाडीचा वेग कळवणारा संकेत लागतो. तो मिळाला नाही तर त्या प्रत्येक वेगाला सारखीच मदत करतात, आणि बाजारात सुखाचे वाटणारे तेच हलके स्टिअरिंग नागपूर-अमरावती मार्गावर भरधाव जाताना बोटाच्या धक्क्याने गाडी भरकटवते.

कायद्याचीही बाजू आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ती घ्यायची असेल तर कॉलमला करवत लावण्याआधी परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.

माझ्यापुरते म्हणाल तर मी साधेच स्टिअरिंग ठेवले आहे. पावसाळ्यात पांदणीच्या चाकोरीत गाडी घसरू लागते ते मला डोळ्यांआधी तळहातांना कळते, आणि ती खबर मला गमवायची नाही. (चाकोरीत दगड लागला की स्टिअरिंग उसळते, म्हणून अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत.) पण ज्यांचा खांदा दुखावलेला आहे, किंवा ज्यांच्या घरी तीच गाडी रोज तालुक्याला न्यावी लागते, त्यांना मी अडवणार नाही. त्यांनी गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी नसून खाली गाडीच्या तळाशी असलेली नंतरची अँबेसिडर शोधावी, इलेक्ट्रिक मोटरबरोबर मदत कमी-जास्त करण्याचे बटण बसवून घ्यावे, आणि काढलेला मूळ कॉलम मिस्त्रीकडे न सोडता तेल लावून, पोत्यात गुंडाळून घरी ठेवावा.