‘इंजेक्शनशिवाय स्कॅन होत नाही’ : ल्युटेशियम थेरपीनंतरचा आमचा अनुभव

अण्णांना स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आहे, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. गॅलियम पेट स्कॅनमध्ये (अशा गाठी शोधणारा स्कॅन) गाठी ठळक उजळल्या, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी ल्युटेशियम थेरपी ठरवली, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध, एकूण चार डोस. पहिला डोस झाला, २०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप), सोबत किडनी सांभाळायला लायसिन-आर्जिनीन या अमिनो आम्लांची सलाइन. या सलाइनने जाम मळमळतं. उलटीचं औषध आधीच मागून घ्या. बाकी तिथे काही अडलं नाही.

अडलं ते नाशिकला परतल्यावर, चौथ्या दिवसाच्या स्कॅनपायी.

ल्युटेशियम-१७७ बीटा किरणांनी गाठीवर मारा करतं, पण थोडे गॅमा किरणही सोडतं. त्यामुळे वेगळं इंजेक्शन न देताच औषध शरीरात कुठे, किती बसलंय याचं चित्र काढता येतं आणि किडनीला किरणांची किती मात्रा पोचली याचा हिशेब लागतो. किडनीसाठी २३ ग्रे (ग्रे म्हणजे या मात्रेचं माप) ही जुनी मर्यादा अजून बरेच जण धरतात. अण्णांना शुगर, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) काठावरचं. चारही डोस झेपतील का, हे ठरवताना हा हिशेब हवाच होता. एवढ्यासाठी परत कसारा घाट नको म्हणून डॉक्टरांनी इथल्या एका सेंटरच्या नावे पत्र दिलं.

काउंटरवरच्या बाईंनी पत्र वाचलं आणि कॉम्प्युटरमध्ये शोधलं. रेटलिस्टमध्ये असा स्कॅनच नाही.

“बोन स्कॅन टाकते.”

“मॅडम, बोन स्कॅन नाहीये हा.”

“मग इंजेक्शन कुठलं लिहू?”

“इंजेक्शन मुंबईत झालंय.”

“ते त्यांचं झालं. आमचं घेतल्याशिवाय स्कॅन होत नाही. उद्या नऊला या, इंजेक्शननंतर तीन तास थांबावं लागेल.”

उद्या म्हणजे पाचवा दिवस. तोवर त्यांनी पावती फाडलीसुद्धा, इंजेक्शनच्या पैशांसकट. अण्णा मागे भिंतीशी बसलेले. अंगातून किरण येतात, कुणी जवळ बसू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर मी पिशव्या ठेवलेल्या. त्या उचला, पेशंटना बसायला जागा नाही, म्हणून वॉर्डबॉय ओरडून गेला. मॅनेजर जेवायला गेलेले. मी तेच तेच सांगतोय, बाई तेच तेच सांगतायत. रागाने माझा आवाज चढला, तेव्हा आतून टेक्निशियन बाहेर आला.

पोरगा हुशार. पत्र वाचून आत गेला, रेडिएशन मोजायचं मीटर आणून अण्णांसमोर धरलं. मीटर कडकडायला लागलं. “मॅडम, हे घरूनच भरून आलेत,” म्हणाला.

पण खरी अडचण त्यानेच सांगितली. त्यांच्या कॅमेऱ्यावर शिशाची जी जाळी, म्हणजे कॉलिमेटर, रोज असते ती टेक्नेशियमच्या (बोन स्कॅनच्या इंजेक्शनमधलं किरणोत्सारी द्रव्य) १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांसाठी. ल्युटेशियमचे २०८ चे किरण तिच्या पातळ भिंती भेदून जातात. चित्र धुरकट होतं आणि मोजणी बिघडते. पत्रात ‘मीडियम एनर्जी’ जाळी लिहिली होती. ती होती, पण इतकी जड की ट्रॉली लावूनच बदलायची. म्हणून रोजचे पेशंट संपेपर्यंत थांबलो. स्कॅन संध्याकाळी झाला.

सीडी मुंबईला पाठवली तर आत नुसते जेपीजी फोटो. हिशेबाला डायकॉम फाइली, म्हणजे स्कॅनचा मूळ डेटा, लागतात, त्यासाठी परत चक्कर. तोंडी सांगून उपयोग नाही, ‘पूर्ण डायकॉम डेटा’ असं फॉर्मवर लिहूनच द्या. एवढं करून मुंबईच्या फिजिसिस्टनी (किरणांच्या मात्रेचा हिशेब करणारे) सांगितलं, नाशिकच्या या कॅमेऱ्याचं ल्युटेशियमसाठी कॅलिब्रेशनच, म्हणजे मोजणीची जुळवणी, झालेलं नाही, आकडा ढोबळच धरावा लागेल.

दुसऱ्या डोसला आम्ही मेव्हण्याच्या डोंबिवलीच्या रिकाम्या फ्लॅटवर राहिलो आणि सगळे स्कॅन मुंबईत एकाच कॅमेऱ्यावर केले. जमत असेल तर हेच करा. न जमल्यास डोस घ्यायच्या आधीच गावातल्या सेंटरला फोन करून जाळी आणि कॅलिब्रेशन विचारा, आणि काउंटरला नाही, टेक्निशियनला विचारा. डोस किती दिला आणि नेमका किती वाजता, याचा कागद जवळ ठेवा. स्कॅनआधी लघवी करून घ्यायची. आणि हो, याच आजारावरचं महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर ते डोसच्या किमान ४ आठवडे आधी थांबवतात. तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

त्या पावतीतले इंजेक्शनचे पैसे मागायला गेलो होतो. रोख परत देता येत नाही म्हणे, पुढच्या बोन स्कॅनमध्ये वळते करून घ्या.