तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेलरमध्ये टीव्ही नीट का दिसत नाही?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन हिंडणाऱ्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "छतावर अँटेना आहे, टीव्ही नवा आहे, तरी घरी चाळीस चॅनेल आणि कॅम्पग्राउंडवर चार. तेही मध्येच फुटतात. मोठा अँटेना घेऊ का?"

इतक्यात घेऊ नका. अँटेनाचं डोकं, म्हणजे छतावरचा सिग्नल पकडणारा भाग, क्वचितच बिघडतं. बिघाड बहुधा डोक्यापासून टीव्हीपर्यंतच्या वाटेत असतो: बंद राहिलेलं बटण, न पोचलेले १२ व्होल्ट, गंजलेला कनेक्टर. यातलं काहीही बिघडलेलं असताना नवा अँटेना लावला, तर तोही त्याच वाटेवर अडकणार.

जुन्या दूरदर्शनच्या दिवसांत पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. एक जण वर नळी फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा. पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त व्हायच्या आणि त्यावरून दिशा कळायची. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी बंद झालं. तेव्हापासून नियम असा: सिग्नल गोंगाटापेक्षा, म्हणजे नको असलेल्या विद्युत लहरींपेक्षा, साधारण १५ डेसिबल वर असेल तर चित्र स्वच्छ, जरा खाली गेला की चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि मग पडदा काळा. म्हणून सैल कनेक्टरपायी गेलेले दोन-तीन डेसिबल घरी जाणवत नाहीत, पण टॉवरपासून ५० मैलांवर तेवढ्यानं चॅनेल जातं.

सुरुवात बटणापासून करा. अमेरिकन ट्रेलरांवर फार दिसणारा अँटेना म्हणजे वाइनगार्ड कंपनीचा 'सेन्सार'. पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसतो, म्हणून सगळे त्याला बॅटविंग म्हणतात. त्याचा ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारा भाग, वर डोक्यातच असतो आणि त्याला लागणारे १२ व्होल्ट त्याच कोॲक्स (टीव्हीच्या गोल) केबलमधून वर जातात, ज्यातून सिग्नल खाली येतो. ही वीज चढवण्याचं काम टीव्हीजवळच्या भिंतीवरची छोटी प्लेट करते. तिच्यावर एक बटण आणि एक बारीक दिवा असतो. दिवा लागलेला असेल तर टीव्ही अँटेनाला जोडलेला. विझलेला असेल तर कॅम्पग्राउंडनं पुरवलेल्या केबल टीव्हीला. म्हणजे बटण बंद ठेवून चॅनेल शोधलेत, तर अँटेना जोडलेलाच नसतो. तरी एखाद-दुसरं जोरदार चॅनेल केबलमधून झिरपत येतं आणि माणसाला वाटतं, अँटेना कमजोर आहे. कॅम्पग्राउंडची केबल वापरताना नेमकं उलटं, बटण बंद हवं. त्याचबरोबर टीव्हीच्या मेनूत 'अँटेना' किंवा 'एअर' निवडलंय ना, हे पाहा. 'केबल' निवडलेलं असेल तर टीव्ही वेगळ्याच फ्रिक्वेन्सींवर शोधत बसतो.

दिवा लागत नाही, किंवा लागूनही चित्र नाही? मग दहा-पंधरा डॉलरचा मल्टिमीटर काढा. प्लेटचे दोन स्क्रू काढून ती पुढे ओढा, मागची 'अँटेना' लिहिलेली केबल सोडवा आणि प्लेटच्या त्या तोंडावर मधलं भोक व बाहेरचे आटे यांच्यामध्ये डीसी व्होल्ट मोजा. बॅटरीइतकाच आकडा यायला हवा, १२ ते १३.८ च्या आसपास. शून्य असेल तर १२ व्होल्टच्या पॅनेलमधला फ्यूज पाहा, मग प्लेटच्या मागच्या लाल-काळ्या तारा. आकडा बरोबर असेल तर केबल परत लावा, छतावर जा, अँटेनाच्या बुडाशी केबल सोडवा आणि तिच्या टोकावर तेच मोजा. खाली १२ आणि वर शून्य, म्हणजे बिघाड मधल्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकांत. कधी कधी कारखान्यात किंवा आधीच्या मालकानं मध्ये कुठेतरी स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड, घातलेला असतो. साधा स्प्लिटर डीसी वीज पुढे जाऊ देत नाही, आणि वरचा ॲम्प्लिफायर उपाशी राहतो. वीज न मिळालेला ॲम्प्लिफायर नुसता निष्क्रिय नसतो, तो सिग्नलच्या वाटेत आडवा येतो.

केबलची दुसरी कसोटी ओहमची. दोन्ही टोकं सुटी ठेवून मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी यांच्यात मोजा: काहीच जोड दिसता कामा नये. दिसला, तर कुठेतरी जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलाय, आणि असा शॉर्ट फ्यूजही उडवतो. मग एक टोक क्लिपनं मुद्दाम जोडा आणि दुसऱ्या टोकाकडून मोजा: आता जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. येत नसतील तर तार आत तुटलीय. याहून सोपी कसोटीही आहे. २५ फूट आरजी-६ (कोॲक्सचा एक प्रकार) केबल विकत आणा, छतावरून खिडकीतून आत घ्या, अँटेनापासून थेट प्लेटला जोडा. चॅनेल भराभर आले, तर भिंतीतली केबल दोषी, आणि शंकेला जागा उरत नाही.

ती केबल बिघडते कुठे, तर मुख्यतः दोन ठिकाणी. एक, बॅटविंगच्या सांध्याशी, जिथे तो रोज उभा-आडवा होताना केबल वाकते. दुसरं, छतावरच्या एफ-कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या आटेदार जोडात, जिथे पाणी शिरतं. पाणी एकदा जाळीत शिरलं की केशाकर्षणानं आत आत सरकतं. तांबं हिरवं पडतं, जाळी काळी पडते. असा कनेक्टर पुसून परत लावू नका. स्वच्छ, चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापत जा. मग सोलताना मधली तार ६ मिलिमीटर उघडी, तिच्यामागे ६ मिलिमीटर जाळी, आणि जाळी मागे वळवून दाबलेली. कनेक्टर दाबून बसणारा, म्हणजे कॉम्प्रेशनचा, घ्या. पिळून चढवायचे किंवा साध्या पकडीनं चेपायचे कनेक्टर प्रवासाच्या हादऱ्यांत टिकत नाहीत. हातानं घट्ट करून पान्यानं जेमतेम पाव फेरा द्या आणि वर रबरी टोपी बसवा. छतावर भोकाभोवती काही लावायचं असेल तर रबरी छताला सिलिकॉन लावू नका, ते त्याला नीट चिकटत नाही आणि नंतर दुसरं काही चिकटूही देत नाही. ट्रेलरच्या छतासाठी आपोआप पसरणारं लॅप सीलंट मिळतं, तेच वापरा.

केबल बदलून जाड घ्यावी का, असंही विचारतात. ट्रेलरमधली वाट २०-३० फुटांची असते, तेवढ्यात बारीक आरजी-५९ आणि जाड आरजी-६ यांच्यात पडणारा फरक एका डेसिबलच्याही आत असतो. आरजी-५९ धड असेल तर ती बदलण्यासाठी भिंत फोडू नका. त्यापेक्षा न लागणारा स्प्लिटर काढून टाका. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डेसिबल खातो.

आता दिशा. टॉवर कुठे आहेत ते रॅबिटइअर्ससारख्या संकेतस्थळावर जागेचा पत्ता टाकून कळतं: अंतर, दिशेचे अंश आणि खरं प्रसारण चॅनेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पडद्यावरचा आकडा आणि खरा आकडा वेगळे असतात. लॉस एंजेलिसचे मुख्य टॉवर माउंट विल्सनवर आहेत, म्हणजे दिशा एकच. पण तिथे ५.१ वर दिसणारं केटीएलए प्रत्यक्षात यूएचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यातल्या) ३५ वर आहे, आणि ७.१ वरचं केएबीसी, म्हणजे एबीसी वाहिनीचं तिथलं केंद्र, खरोखरच व्हीएचएफ (खालच्या पट्ट्यातल्या) ७ वर. यूएचएफचे तरंग साधारण अर्ध्या मीटरचे, चॅनेल ७ चे दीड मीटरहून लांब. बशीसारख्या चपट्या, चारी दिशांनी घेणाऱ्या अँटेनाला लांब तरंग नीट पकडता येत नाहीत. बॅटविंगचे लांब पंख त्यासाठीच आहेत. फिलाडेल्फियात एबीसीचं डब्ल्यूपीव्हीआय तर अजून व्हीएचएफ ६ वर आहे, तिथे तरंग साडेतीन मीटरच्या आसपास जातो. म्हणून "सगळं येतं, फक्त एबीसी येत नाही" अशी तक्रार आली की आधी त्या केंद्राचा खरा आकडा पाहावा.

फोनचा कंपास वापरताना ट्रेलरपासून दहा-बारा पावलं दूर उभे राहा, पोलादी चॅसी सुई भरकटवते. मग आत येऊन छताचं हँडल खाली ओढून फिरवा. एका वेळी १५ अंश, आणि प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद थांबा, कारण ट्यूनरला सिग्नल पकडायला वेळ लागतो. नेहमीची चूक म्हणजे फिरवत राहणं आणि टीव्हीला संधीच न देणं. दर वेळी पूर्ण स्कॅनही करू नका. सगळ्यात अशक्त चॅनेल लावा, टीव्हीच्या मेनूतला सिग्नल मीटर उघडा, त्याच्यावर दिशा जुळवा आणि शेवटी एकदाच स्कॅन करा. पण मुक्काम बदलला की स्कॅन हवाच. जुन्या गावाची यादी नव्या गावात निरुपयोगी.

दिशा बरोबर, वीज बरोबर, तरी व्हीएचएफची चॅनेलं रात्री फुटतात? दिवे बंद करून पाहा. स्वस्त १२ व्होल्ट एलईडी दिवे, यूएसबी चार्जर, सोलरचा कंट्रोलर, इन्व्हर्टर हे सगळे गोंगाट करतात, आणि तो व्हीएचएफलाच जास्त झोंबतो. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर सोडून सगळं बंद करा, मग एकेक चालू करत जा. दोषी सापडला की तो बदला, किंवा त्याच्या तारेवर गोंगाट शोषणारा फेराइटचा मणी बसवा.

टॉवर अगदी जवळ असेल तर त्रास उलटा होतो: सिग्नल इतका जोरदार की चॅनेल फुटतं. टीव्हीचा ट्यूनर गुदमरत असेल तर टीव्हीच्या मागे १० डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, लावून भागतं. पण वरचा ॲम्प्लिफायरच गुदमरत असेल तर त्याच्यानंतर लावलेल्या कशाचाही उपयोग नाही. तिथे अँटेना टॉवरपासून थोडा वळवा किंवा खाली घ्या. जुन्या बॅटविंगमध्ये आणखी एक अडचण आहे. टीव्हीची हद्द आता चॅनेल ३६ वर, म्हणजे ६०८ मेगाहर्ट्झवर संपते आणि त्याच्या वर मोबाइल कंपन्या आहेत. पूर्वीचे ॲम्प्लिफायर तो भागही मोठा करून आत पाठवतात. मोबाइल टॉवरशेजारी हे नडतं, आणि तेव्हा मात्र डोकं बदलणं योग्य ठरतं.

जागेची मर्यादाही मान्य करावी लागते. ३०० मीटर उंच टॉवर आणि जमिनीपासून साडेचार मीटरवरचा तुमचा अँटेना यांच्यात सपाट जमिनीवर साधारण ८० किलोमीटर, म्हणजे ५० मैलांपर्यंत सरळ वाट मिळते. योसेमिटीसारख्या उभ्या कड्यांच्या दरीत ती वाटच बंद असते, तिथे पैसे घालू नका. ओली पानंही यूएचएफ शोषतात, त्यामुळे पावसानंतर झाडाखालचं चॅनेल गेलं तर बिघाड शोधत बसू नका. आडव्या परावर्तनांमुळे कधी एक-दोन फुटांवर चित्र बदलतं. ट्रेलर थोडा पुढे-मागे घेता येत असेल तर घेऊन पाहा. अँटेना आत ठेवून पाहण्यात मात्र अर्थ नाही, ॲल्युमिनियमचं कवच सिग्नल बाहेरच अडवतं. आणि झी मराठी? ते या अँटेनावर कधीच येणार नाही, त्याला इंटरनेटच लागेल.

निघताना आधी हँडलवरचा बाण छताच्या प्लेटवरच्या खुणेशी जुळवा आणि मगच क्रँक फिरवून अँटेना खाली घ्या. बाण तिरका असताना खाली घेतला तर पंख छतावर वेडावाकडा टेकतो आणि वाकतो. वर राहिलेला अँटेना पहिल्याच खालच्या फांदीला अडकून तुटतो, आणि कधी छताचा तुकडाही सोबत नेतो. म्हणून अँटेना वर करतानाच एक लाल फीत गाडीच्या किल्लीला बांधा, आणि तो खाली आल्याचं बाहेर उतरून डोळ्यांनी पाहिल्यावरच ती सोडा.