खांबाचा पाय बदलायचा, खांब नाही

कसब्यातल्या आमच्या जुन्या घराचं काम काढलंय म्हटल्यावर ज्याने त्याने 'जपानी स्टाईल'चे रील्स पाठवायला सुरुवात केली, सगळ्यात तेच ते, बिस्किट कलरच्या भिंती, बुटका पलंग, कोपऱ्यात बोन्साय. दिसतं छान, नाही कशाला म्हणू, पण त्यात जपान किती आणि फर्निचरवाल्याचं बिल किती देव जाणे.

मला तिकडची आवडते ती दुरुस्ती. त्यांच्या जुन्या लाकडी घरांतपण खांब दगडावर उभा असतो, आपल्या तळखड्यासारखाच, आणि ओल धरून कुजतो तो खालचा फूट-दीड फूट, वरचा खांब ठणठणीत. मग वरचं वजन टेकूवर घेऊन ते कुजकं तेवढंच कापतात आणि नव्या लाकडाचा पाय जोडतात, नेत्सुगी म्हणतात याला. त्यात कानावा-त्सुगी नावाचा सांधा तर बघत बसावा असा, दोन्ही तुकडे एकसारखे कापलेले, आडवे सरकवून एकमेकांत बसवायचे आणि मधल्या भोकात पाचर ठोकली की आवळून बसतो, ना खिळा ना फेविकॉल.

आमच्या सोप्यातल्या चौकाकडच्या खांबाचं डिट्टो हेच झालेलं, खाली स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जायचा आणि वर सागवान असं की खिळा वाकतो. कॉन्ट्रॅक्टरचं एकच, "काढून टाकू की मालक, आरसीसी कॉलम घालू, टेन्शनच नाही." सुतारकाकांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "आमीपण सांधतोच की ओ, एवढी नाजूक खाच करायला मजुरी कोण देतंय?" मजुरी दिली. पाडलेल्या एका वाड्याचं जुनं सागवान मिळालं, त्याचा पाय बसवला.

आता तो तुकडा वेगळा दिसतो म्हणून चुलतभावाला पॉलिश मारून लपवायचाय. मी नको म्हणतोय. जपानात वारसा म्हणून जपलेल्या इमारतींत नव्या लाकडावर दुरुस्तीचं साल डागून ठेवतात, म्हणजे पुढच्याला कळावं कुठलं जुनं आणि कुठलं नवं.

तसं सगळंच जुनं धरून बसतात असंही नाही हां, तिकडच्या इसे शहरातलं देऊळ दर २० वर्षांनी अख्खं नव्यानं बांधतात, मागचं २०१३ ला झालं, आता २०३३.

भिंतींवरून अजून वाद चालूय. सेन नो रिक्यू या सोळाव्या शतकातल्या चहा-गुरूची म्हणून सांगतात ती ताइआन नावाची चहाची खोली फक्त दोन तातामीची, म्हणजे त्यांच्या जमिनीवरच्या दोन चटयांएवढी, मातीच्या भिंती, त्यातलं गवतपण दिसतं. आमच्याही भिंती मातीच्याच, आणि त्यावर सिमेंट प्लास्टर, वर पुट्टी असा प्लॅन होता, म्हणजे ओल आत कोंडणार आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे. चुन्याचा गिलावा करायचं ठरलंय. फॉल्स सीलिंग आणि एलईडी पट्ट्यांचं मात्र अजून मिटलेलं नाही, माळवदाच्या तुळया झाकून वर लाईट कशाला पाहिजे ते मला कळत नाही, पण ते भांडण आता गड्ड्याच्या जत्रेला सगळे घरी येतील तेव्हाच.